कासवाने घेतलेला घास

आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर पुराचा चिखल अजून ओला होता. कबुतरं ढिगाने होती, एक कुत्रं दोनदा पिंडापर्यंत आलं आणि हाकललं गेलं, पण कावळा एकही नाही. "काशीत आता कावळे राहिलेतच किती," असं मी म्हणाले, तर बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

बाबा भिक्षुक. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत त्यांच्या आधीच्या चार पिढ्यांनी हेच केलं. लांबून लांबून आलेल्या शेकडो लोकांचे दिवस बाबांनी घाटावर केलेत. कावळा येत नसला की काय सांगायचं, हे त्यांना पाठ होतं. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, एकेकाने पुढे या, तुझं अमुक करू, तमुक करू, असं मोठ्याने कबूल करा. ज्या शब्दावर कावळा शिवेल ती त्याची इच्छा समजा. तरीही नाहीच आला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा, शास्त्रात तशी सोय आहे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर घाटावर जायचे तेव्हा पाहिलंय, ऊन चढायला लागलं की बाबा स्वतःच पटकन दर्भाचा कावळा करून मोकळे व्हायचे. पुढचे यजमान खोळंबलेले असायचे.

आईसाठी ते तीन तास थांबले. तुझ्या माहेरच्या देवीची ओटी भरीन म्हणाले. पोरीला एकटं पडू देणार नाही म्हणाले. तुझी लोणच्याची बरणी कुणाला देणार नाही, हेसुद्धा म्हणाले, आणि मला त्या जागी हसू आलं, त्याची अजून लाज वाटते. शेवटी त्यांनी दर्भ उचलला. ज्या हातांनी डोळे मिटून शेकडो कावळे वळले, त्या हातांना त्या दिवशी साधी गाठ जमेना. मी गाठ मारून दिली.

घरी आलो तर मागच्या अंगणात मोरीपाशी कासव बसलेलं. पुराचं पाणी खालच्या गल्लीपर्यंत चढलं होतं, त्याच्याबरोबर आलं असेल आणि पाणी उतरताना मागे राहिलं असेल. परातीएवढं होतं. पाठ दगडासारखी टणक नव्हे, चामड्यासारखी, आणि नाक लांबट, पुढे निघालेलं. मी जवळ गेले तर त्याने मान इतकी लांब काढली की मी किंचाळले.

मी नागपूरला बँकेत आहे. मला कुठल्याही गोष्टीचा आधी नियम आठवतो. "बाबा, कासव घरात ठेवणं गुन्हा आहे," मी म्हटलं.

"ठेवतंय कोण? ते आलंय." बाबा उंबऱ्यातच उभे होते. अंगावरचा पंचा अजून ओला होता. मग हळूच म्हणाले, "कावळा नाही आला, बाळ. हे आलंय."

आई गेली आहे, हा माणूस दहा दिवस धड झोपलेला नाही, त्याला कुठे कासवात काही दिसलं तर दिसू दे, असं मी मनाशी म्हटलं. त्या वेळी मला ते बरंच वाटलं.

बाबांनी माळ्यावरचं जुनं पितळी घंगाळ काढायला लावलं. त्यात गंगेचं पाणी घातलं, कासव त्यात सोडलं. मग आत जाऊन स्वतः भात लावला, दही कालवलं, पिंडाएवढा गोळा करून केळीच्या पानावर घंगाळाच्या काठाशी ठेवला आणि पाट मांडून समोर बसले. कासवाने ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी मी बाबांचं पान वाढलं तर ते म्हणाले, "अतिथी उपाशी असताना यजमान जेवत नाही."

असे पाच दिवस गेले. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सकाळी अर्धा कप दूध, दुपारी अर्धा कप, बस्स. तेराव्याला गोडाचं जेवण झालं, त्यांनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं आणि स्वतः पाणी पिऊन उठले. डॉक्टर येऊन दवाई लिहून गेले. म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर दवाईचा काही फायदा नाही. मी रागावले, रडले, कासव गंगेत सोडून येते म्हणून धमकावलं. "उपाशी अतिथी दारातून घालवायचा?" एवढंच ते म्हणाले. त्यांचं मनगट धरलं तर माझी बोटं एकमेकांना लागायला लागली होती. मी फार घाबरले होते.

चौथ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि खिडकीतून बाबांचा आवाज आला. एरवी बाबांचा आवाज खणखणीत, संहिता म्हणून म्हणून तयार झालेला. हा तसा नव्हता.

"अगं, तुझी आई गेली तेव्हा तुला जाऊ दिलं नाही मी. घरात अनुष्ठान होतं, यजमान मोठा होता, सोवळ्यातला स्वयंपाक कोण करणार म्हणून तुला थांबवलं. नंतर नेईन म्हणालो, ते कधी नेलं नाही. तू काही बोलली नाहीस, मला वाटलं विसरलीस. चुकलं माझं. घे. एवढं घे आता."

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आजी गेली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. एवढंच आठवत होतं की आई तीन दिवस पुरणपोळ्या लाटत होती आणि डोळे धुराने लाल झालेत म्हणत होती. मी खिडकीला चिकटून उभी राहिले. मीही मनातल्या मनात म्हणत होते, घे गं, घे. कासवाने मान आत ओढून घेतली. बाबांनी वाळलेला भात उचलला आणि मला ताजा मागितला.

पाचव्या दिवशी सकाळी मल्लाह आला. आईला कार्तिकात नावेतून पलीकडे नेणारा हाच, तिच्यासाठी भेटायला आला होता. त्याने घंगाळात डोकावून पाहिलं आणि बाबा आत आहेत हे बघून मला हळूच म्हणाला, "बिटिया, ई दही-भात ना खाई. एके मछरी चाही, घोंघा चाही. नाहीं त नदिया में छोड़ द."

याला मासे हवेत, गोगलगायी हव्यात, नाहीतर नदीत सोडा. इतकी सोपी गोष्ट. बाबांचा सगळा जन्म गंगेच्या काठावर गेला, पण गंगेतल्या जिवांशी त्यांचा संबंध अर्घ्यापुरताच. आमच्या घरात लसूण येत नाही. देवाच्या वाटचं कुणी खात नसेल तर ते आजारी आहे किंवा रुसलंय, एवढंच आम्हाला सुचतं. ते मांस खाणारं असेल, हे सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं, आणि मी तर घर सोडून बारा वर्षं बाहेर राहिलेली.

मल्लाहाने दुपारी कागदात बांधून बोटभर लांबीचे मासे आणून दिले. बाबा आत आडवे झाले होते. मी मोरीपाशी बसून ते मासे भातात कालवले. आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात धरत होते, तोही आईच्या नावाने लावलेल्या भातात. मी तोंड फिरवून कालवत राहिले. पण मला बाबांना जेवताना बघायचं होतं, त्यापुढे मला काही दिसत नव्हतं. पान ठेवलं. कासवाची मान सर्रकन बाहेर आली आणि गोळा अर्धा झाला. मग सगळाच गेला. पानसुद्धा ओढलं त्याने.

मी वळले तर बाबा उंबऱ्यात.

त्यांनी मासे पाहिले नव्हते. गोळा जाताना पाहिला होता. त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते, डोळे भरले होते, आणि मला वाटलं, जिंकलो. खरंच, तो एक क्षण मी फार खूश होते.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मला कळलंच नाही. "काय म्हणजे?"

"घेतलं तेव्हा काय म्हणालीस तिला? काय कबूल केलंस?"

"काहीच नाही. नुसतं खा म्हटलं."

मी काहीही सांगू शकले असते. तुम्हाला जपेन म्हटलं, माहेरच्या देवीला जाईन म्हटलं, बाबांनी तुझी माफी मागितली आहे असं म्हटलं. हे शेवटचं सुचलं असतं तर! पण मासा लागलेला हात मी ओढणीखाली लपवत होते, माझं सगळं लक्ष त्या वासाकडे होतं.

"नुसतं खा म्हटलंस," बाबा म्हणाले. जोडलेले हात सुटले. "मी चार रोज सगळं सांगितलं. सगळं. ते नाही घेतलं तिने."

"बाबा, असं काही नसतं हो."

"असतं. मीच सांगत आलोय लोकांना."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? आईच्या घासात मासे घातले? ते त्यांनी कसं सोसलं असतं? पुन्हा जेवण सोडलं असतं, प्रायश्चित्त मांडलं असतं, आणि आईचं सगळंच बाटलं असं मरेपर्यंत मनात धरलं असतं. मी मोरीवर हात धुऊन घेतले. बाबा त्या संध्याकाळी जेवले. वरण, भात, तूप, मी वाढलं तेवढं. नको म्हटलं नाही कशाला. मला वाटलं होतं ते जेवले की माझा जीव भांड्यात पडेल. मी समोर बसून बघत होते आणि एकेका घासाबरोबर मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मल्लाहाबरोबर जाऊन कासव राजा घाटाच्या पुढे सोडलं. बाबांना चला म्हटलं. "तू जा, तुझ्या हातून जाऊ दे," म्हणाले. कासव पाण्यात पडलं आणि तळाशी गेलं. मल्लाहाने हात जोडले, मी जोडले नाहीत.

मग मी नागपूरला आले. बाबांनी दहावे करणं सोडलंय. यजमान आला तर दुसऱ्या भिक्षुकाकडे पाठवतात. पितृपक्षात गच्चीवर घास ठेवायचा तर शेजारच्या काकूंना सांगतात, माझ्या हातचं नको म्हणतात. जेवतात मात्र वेळेवर. रोज रात्री आठला माझा फोन, आणि काय खाल्लं ते मला सांगतात.

गेल्या महिन्यात मी ठरवून फोन केला. काय व्हायचं ते होऊ दे, सांगूनच टाकायचं. "बाबा," म्हटलं, "त्या दिवशी कासवाच्या भातात मी..."

"दही कमी घातलं होतंस," ते म्हणाले. "माहीत आहे मला. तिला आंबट चालायचं नाही. पंचेचाळीस वर्षं एका घरात राहिलो आणि मी दही जास्त घालत राहिलो."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"बाळ," ते म्हणाले, "तुझ्या हातचं घेतलं तिने. तूच विचार तिला एकदा. अजून रागावली आहे का म्हणून."

"विचारते, बाबा," मी म्हटलं.

तेव्हापासून ते रोज फोनवर आधी तेवढंच विचारतात, विचारलंस का.