भोपळ्याच्या शेताची रानफुलांची कड

शालिनीचा फोन आला तेव्हा मी गांधी बझारात अवरेकाई, म्हणजे इथला पावटा, निवडत होते.

“मॅडम, बॉर्डर गेली,” ती म्हणाली.

“गेली म्हणजे?”

“कापली. सगळी. घोट्याएवढे खुंट उरलेत.”

शेंगा टोपलीत परत ठेवल्या आणि मेट्रो पकडली. आता आपल्या भागातून बोम्मसंद्र्याला थेट मेट्रो जाते. नाहीतर होसूर रोडवरच दुपार झाली असती.

ईशान, मीरा, मागच्या कॉलवर तुम्ही विचारलंत, “आजी, झाडं तर आपोआप उगवतात, मग लोक तुला का बोलावतात?” प्रश्न चांगला होता, आणि मला तेव्हा नीट उत्तर सुचलं नाही. म्हणून ही हकीकत लिहिते. आमचं सगळं बोलणं कन्नड आणि इंग्रजीत झालं, तुमच्यासाठी मराठीत उतरवते.

बोम्मसंद्र्यात पंप बनवणारी एक फॅक्टरी आहे. तिच्या आवारात मागच्या बाजूला एक लांबट शेत आहे. तिथे कँटीनसाठी भाजी पिकते, मुख्यतः लाल भोपळा. वेल जोरात वाढायचे, फुलंही भरपूर यायची, पण भोपळे मात्र मोजके. कारण सरळ होतं. भोपळ्याच्या वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलामागे अंगठ्याएवढा इवलासा भोपळा आधीपासून असतो. मधमाशीने नर फुलातले परागकण तिथे आणले तर तो वाढतो. नाही आणले तर पिवळा पडून गळतो. फॅक्टरीभोवती सगळं काँक्रीट. मधमाश्या येणार कशाला?

शालिनी तिथली एच.आर. हेड. वयाने तुमच्या आईएवढी, उत्साहाने तुमच्याएवढी. शेताच्या लांब बाजूने, आतल्या रस्त्यालगत, रानफुलांचा पट्टा लावायचा हे तिने मॅनेजमेंट मीटिंगमध्ये मंजूर करून घेतलं होतं. तीच जागा प्लांट हेड मूर्ती यांना टू-व्हीलर पार्किंगसाठी हवी होती. म्हणून त्यांनी एक सीझन दिला होता. भोपळा वाढला नाही तर पट्टा जाणार आणि बाइक उभ्या राहणार.

मी जूनमध्ये पट्टा लावला. बहुवर्षायू झाडं निवडली, म्हणजे जी एका हंगामात मरत नाहीत, मुळांवर जगून दरवर्षी पुन्हा फुटतात. कोरांटी, अडुळसा, चित्रक, शंखपुष्पी, मधेमधे तुळस. सगळी इथलीच, लाड न मागणारी. मूर्तींना झेंडू हवा होता. “निदान रंग तरी दिसेल,” ते म्हणाले. मी म्हटलं, झेंडू दिवाळीनंतर वाळेल आणि तुम्ही मला पुन्हा बोलवाल. माझ्या धंद्याला ते बरं, तुमच्या शेताला नाही. ते हसले नाहीत.

या झाडांची एक अडचण असते. पहिल्या वर्षी ती जमिनीखाली मुळं पसरतात आणि वर फारसं काही दाखवत नाहीत. अनोळखी माणसाला तो पट्टा तणासारखाच दिसतो.

आणि मग आली खंडेनवमी. इथली आयुधपूजा तुम्ही पाहिलेली नाही. फॅक्टरीत हा वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. लेथपासून लॉरीपर्यंत, कॉम्प्युटरपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं धुऊन पुसून, हळद-कुंकू लावून, केळीचे खुंट बांधून पूजतात. त्याआधी आवारात गवताची काडी ठेवत नाहीत. हाउसकीपिंगचे सुपरवायझर गंगराजू यांनी ती परंपरा पाळली होती.

मी पोचले तेव्हा ते ब्रश कटर पुसत उभे होते. ब्रश कटर म्हणजे खांद्याला अडकवून चालवायचं गवत कापायचं यंत्र. त्यालाही दुसऱ्या दिवशी कुंकू लागणार होतं.

“गंगराजू अण्णा, हे काय केलंत?”

“क्लीन केलं, अम्मा. हब्ब, सण आहे ना.”

“ती फुलझाडं होती.”

त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “फूल कुठे होतं, अम्मा? मी शोधलं. चारपाच निळी होती, एवढीशी. त्याला कोण फूल म्हणतं?”

शालिनी रडायच्या बेतात होती. मी मात्र पट्ट्याच्या टोकापर्यंत चालत गेले. शेवटच्या कोपऱ्यात अश्वत्थाचं झाड आहे, त्याखाली नागरकल्लु, म्हणजे नागाची शिळा. तिच्या आजूबाजूची कोरांटी आणि तुळस जशीच्या तशी उभी होती.

“हे का सोडलंत?”

“देवाजवळ मशीन कसं चालवणार?” गंगराजू म्हणाले. “शिवाय त्या झुडपात खरा पण असतो. मी पाहिलाय.”

तेवढ्यात मूर्ती आले. त्यांनी खुंटांवरून नजर फिरवली. चेहऱ्यावर दुःख दिसलं नाही.

“मग मॅडम, देवानेच निर्णय दिला. पार्किंगवाला दीपावळीनंतर येतोय.”

“तोपर्यंत थांबा,” मी म्हटलं. “झाडं कापली आहेत, मेलेली नाहीत.” खुरप्याने एका कोरांटीच्या बुडाची माती बाजूला केली. मुळाच्या मानेवर ताजे हिरवे डोळे होते. “पंपाचं झाकण उडालंय, सर. मोटर शाबूत आहे.”

“मोटर शाबूत आहे, पण पाणी देत नाही,” ते म्हणाले. “सरी, ठीक आहे. दीपावळीपर्यंत.”

यंत्राने खुंट फाटले होते. मी ते कात्रीने नीट छाटले, म्हणजे कुजणार नाहीत. पट्ट्यावर पालापाचोळा अंथरला, ओल टिकायला. गंगराजू पाइप घेऊन रोज स्वतः पाणी घालायला लागले. त्यांना वाईट वाटलं होतं, पण तसं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “पाइप मोकळाच पडून असतो.”

फुटवे आले, दाट आले. पण फुलं नाहीत. झाडाला आधी पानं करावी लागतात, दीपावळीची तारीख त्याला ठाऊक नसते. शालिनी दर दोन दिवसांनी फोटो पाठवायची आणि खाली फक्त प्रश्नचिन्ह.

दीपावळी झाली. मूर्ती पट्ट्यासमोर उभे राहिले.

“पालक लावलाय का, मॅडम?”

“नाही. पण तुम्ही फुलं बघायला आलाच नाहीत. करार भोपळ्याचा होता. चला शेतात.”

मी त्यांना दुसऱ्या टोकापासून, कापलेल्या पट्ट्याच्या कडेने नेलं. वेलाची पानं उचलून दाखवली. पिवळे पडलेले अंगठे, काही गळून मातीत. पुढे गेलो, तेच. अश्वत्थाच्या कोपऱ्याजवळ पोचलो आणि पान उचललं तर खाली भोपळा. शेजारी आणखी एक. मूर्ती वाकले. मग पँट गुडघ्यावर ओढून चक्क बसले आणि स्वतः पानं उचलायला लागले. मागे कोरांटी जांभळी फुलली होती आणि तिच्यावर मधमाश्यांची गुणगुण चालू होती.

“पाणी इथे जास्त?” त्यांनी विचारलं.

“एकच लाइन आहे.”

“खत?”

“एकाच ट्रॉलीतलं.”

“बी वेगळं?”

“एकाच पाकिटातलं,” शालिनी म्हणाली. “बिल दाखवू?”

“ऊन?”

“झाडाची सावली आहे, म्हणजे इथे ऊन कमीच,” मी म्हटलं. “पण सर, खरं सांगते. एका शेतात एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. मला खात्री आहे, पुरावा अर्धाच आहे.”

मूर्तींनी तीस वर्षं क्वालिटीत काढली आहेत. पंपात काही बदल केला की एक न बदललेला पंप बाजूला ठेवून दोन्ही तपासायचे, ही त्यांची सवय. उठून हात झटकत ते म्हणाले, “सेम लॉट, सेम ऑपरेटर, एकच फरक. मुद्दाम करायला सांगितलं असतं तर आमच्या लोकांना जमलं नसतं.” मग गंगराजूंकडे वळून, “काय हो, ट्रायल घेतलीत आणि मला सांगितलंही नाही?”

“स्वल्प कापलं, सर. स्वल्प सोडलं,” गंगराजू गंभीरपणे म्हणाले.

पार्किंग स्टोअर्सच्या मागे गेलं. पट्टा राहिला. जानेवारीत तो सगळाच फुलला, शालिनीने प्रश्नचिन्हाशिवाय फोटो पाठवला. मूर्तींनी शेताच्या उरलेल्या तीन बाजूंचं कोटेशन मागितलं आहे. अट एकच, दर महिन्याला भोपळ्यांचा रिपोर्ट. फुलांबद्दल त्यांनी अजून एक शब्द काढलेला नाही.

तर उत्तर असं. झाडं आपोआप उगवतात हे खरं आहे. ती तिथे राहू द्यायला माणसांना तयार करावं लागतं, आणि ते आपोआप होत नाही. ज्याला फुलं आवडतात त्याला फुलं दाखवावीत. बाकीच्यांना भोपळा.