अडकणारा मासा

सदर इसम : वय चौसष्ट, बांधा किरकोळ, पेशा लिफ्ट-दुरुस्ती, ओळखीची खूण डाव्या हाताचा अर्धा अंगठा. विधुर. बास मासे पकडण्याचा तीस वर्षांचा अनुभव. वर्तन समाधानकारक.

एवढा अनुभवी माणूस गळाच्या दुकानात, भिंतीवर आमिष म्हणून टांगलेल्या खोट्या माशांसमोर, तोंडी परीक्षेला आल्यासारखा उभा होता. दर खेपेला बायको निवडायची. "तुम्ही वल्हवा, डोकं मी चालवते," असं म्हणायची. कामाची ही वाटणी दोघांनाही मानवली होती.

"किती खोल जाणारा हवा, काका?" दुकानदारानं विचारलं.

"वीस फूट. तलावाच्या तळाला एक बुडालेलं झाड आहे."

"मग हा न्या." त्यानं बोटभर लांबीचा मासा काढला. तोंडापुढे चमच्यासारखी पारदर्शक जीभ. "जीभ जितकी लांब, तितकी खोल बुडी. दोरी बारीक लावलीत तर अजून खाली जाईल. शिवाय जीभ रुंद आहे, फांदीवर आपटला तरी उसळून सुटतो. अडकायचं नाव नाही."

"मला अडकणारा हवाय."

दुकानदारानं मासा गल्ल्यावर ठेवला. "काका, अख्खी दुनिया न अडकणारा मागते."

"मागू दे."

शेवटच्या खेपेला बायकोचा लाडका खोटा मासा त्याच झाडात अडकला आणि दोरी तुटली. हिरवी पाठ, नारिंगी पोट, एका डोळ्याचा रंग उडालेला. "राहू द्या हो, पुढच्या रविवारी काढू," ती म्हणाली. पुढच्या रविवारी ती दवाखान्यात होती. त्याच्या पुढच्या रविवारी कुठेच नव्हती. लिफ्टवाल्या काकांनी जन्मभर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं सुखरूप बाहेर काढली होती. एक मासा काय, दुसऱ्या माशाचा गळ अडकवून सहज निघेल, असं ते धरून चालले होते.

दुकानदारानं अरुंद जिभेचा, मोठ्या गळांचा एक मासा बांधून दिला.

नाव झाडाजवळ नेणं त्यांना डोळे मिटून जमायचं. फेकणं जमेना; ते कायम बायकोचं काम. पहिले काही प्रयत्न नावेच्या अंगणातच पडले. मग एकदाचा मासा लांब गेला, खाली गेला. गळाच्या काठीतून हाताला आधी खडी कळली, मग चिखल, मग लाकूड. आणि एक हिसका.

"सापडला गं!" ते समोरच्या रिकाम्या फळीला म्हणाले.

वर आला तो चांगला थोराड बास, दोन्ही डोळे शाबूत.

"तुला कुणी बोलावलं होतं रे मध्ये?" ते त्याला म्हणाले. त्यांनी गळ सोडवला, त्याला पाण्यात सोडलं, आणि खोटा मासा पुन्हा फेकला. या वेळी मासा खरंच झाडात अडकला. त्यांनी ओढलं. खालचं काहीतरी वीतभर हललंही. मग दोरी तुटली.

धक्क्यावर नाववाल्यानं हाक दिली, "काही लागलं का, लिफ्टवाले?"

"एक बास. सोडला."

सदर इसमाने आयुष्यात स्वतः पकडलेला हा पहिला मासा.