हिरव्या बांगड्यांचा शेवट

त्या भुताच्या सिनेमाच्या शेवटावर लोक अजून बोलतात. विहिरीच्या काठावर बांगड्या भरलेला एक हात टेकलेला असतो, दुसरा हात वरवंटा घेऊन येतो, बांगड्या फोडतो आणि भूत कायमचं सुटतं. मूळ कादंबरीत हे नाही. जाणकार म्हणतात, इथे दिग्दर्शकाने कादंबरीच्या पुढे झेप घेतली. झेप कसली डोंबलाची! तो शेवट माझ्या मूर्खपणातून निघाला, आणि तो वरवंटा धरलेला हात माझा आहे.

माझे बाबा घोलवड स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. चिकूच्या करंड्या मोजायच्या, पावत्या फाडायच्या, गाडीत चढवून द्यायच्या. स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये आई, बाबा आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, राहत. मी तलासरीच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. तिथेच खोली घेतली होती, शनिवारी एसटीने घरी यायची. आत्या सतराव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आली ती आलीच. दिवसा ती इराणी शेटांच्या वाडीत चिकू निवडायला जाई. चिकू दाबला की डागतो, दोन दिवसांत सडतो. आत्या तो बोटांच्या टोकांनी इतक्या सावकाश उचले, की झोपलेलं तान्हं उचलतेय असं वाटावं. तिने बांधलेल्या करंडीतला माल कधी परत आला नाही. याचं कौतुक मात्र कोणी केलेलं मला आठवत नाही.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत सिनेमावाले त्याच वाडीतल्या जुन्या बंगल्यात उतरले. भुताचं भय तिथेच संपलं म्हणायचं. धुकं म्हणजे घमेल्यांत निखारे घालून त्यावर टाकलेला ऊद. त्याने आम्हीच खोकून बेजार व्हायचो. रक्त म्हणजे काळ्या गुळाचा पाक, त्याला मुंग्या लागायच्या. चांदण्यातले प्रसंग टळटळीत दुपारी घ्यायचे, भिंगापुढे काळसर काच लावली की पडद्यावर रात्र होई. त्यात खरी होती ती फक्त झाडांवरची वटवाघळं, आणि त्यांनाच नायिका घाबरत होती.

कादंबरीतलं भूत कधी पूर्ण दिसत नाही, नुसता हात दिसतो. दारावर, उशीवर, देव्हाऱ्यातल्या समईवर. नायिकेचा हात सुंदर होता, पण चुळबुळ्या. दिग्दर्शक वैतागून पडवीत आला, तर समोर आत्या चिकू निवडत बसलेली. तो पाच मिनिटं नुसता बघत राहिला. मग शेटांना म्हणाला, "मला हा हात पाहिजे."

शेटांनी बाबांना बोलावून घेतलं. "अरे भाई, फक्त हात. मोढूं कोई नहीं देखे," ते म्हणाले. तोंड दिसणार नाही म्हटल्यावर बाबा कसेबसे तयार झाले.

ती कादंबरी आत्याने वाचली होती. मीच डहाणूच्या वाचनालयातून आणून दिली होती, आणि तिने ती दोनदा वाचली होती. त्यामुळे हातात बांगड्या घालायच्या म्हटल्यावर ती बोललीच. "पण पुस्तकात तिचा हात मोकळा आहे. म्हणून तर भीती वाटते."

दिग्दर्शक हसला. "मोकळा हात वाजत नाही, बाई. भूत आलं हे शेवटच्या बाकावरच्यालाही कळायला हवं. कुठल्याही रंगाच्या चालतील, पडद्यावर सगळं काळंच दिसतं."

"मग हिरव्या," आत्या म्हणाली. इतक्या पटकन की तिची तीच ओशाळली.

मी डहाणूहून कासारीण घेऊन आले. चूक झाली ती इथे. कोणासाठी, कशासाठी, हे मी तिला सांगितलंच नाही. विधवेचा हात म्हटल्यावर ती हातसुद्धा लावणार नाही, ही भीती. म्हणून आत्याचा पदर कपाळावर ओढून घेतला, वर शहाणपणा केला, "नीट बसतील अशा भर, बेढब दिसायला नकोत."

"पोरी, सैल बांगडी भरून देणारी कासारीण मी नाय," ती म्हणाली. तिने आत्याचा हात चोळला, दाबला, हाडं वळवली आणि एकेका हातात सहा-सहा अशा भरल्या की मनगटावर दोरा शिरू नये. कुठलीही कासारीण नव्या नवरीला भरते तशाच.

काम तीन दिवस चाललं. पहिल्या संध्याकाळी घरी आल्यावर त्या निघेनात. साबण झाला, खोबरेल झालं, बोटांची पेरं सुजली. बाबा म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." आत्या मात्र पदराखाली हात लपवून बसली होती, आणि मला स्पष्ट दिसत होतं, ती दुःखी नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या तेव्हा मला वाटलं आईच उठली. आत्या होती. ताक घुसळत होती, आणि रवी जरा जास्तच जोरात फिरत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा धक्क्यावरून थेट वाडीत आले. क्वार्टरांतल्या बायकांना कळलं होतं. "आज त्या उतरल्याच पाहिजेत," ते म्हणाले. "कशाही."

आत्या खाली बघत म्हणाली, "दादा, राहू देत ना. फुटतील तेव्हा आपोआप फुटतील."

"आणि लोकांना काय सांगू?"

ती माझ्याकडे वळली. मी शिकलेली, कमावती. माझा शब्द घरात चालत होता, हे तिला ठाऊक होतं. 'राहू दे, बाबा,' एवढंच म्हणायचं होतं. मी जमिनीकडे पाहिलं. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते.

दिग्दर्शकाच्या कानावर हे गेलं आणि त्याचे डोळे चमकले. "फोडायच्याच आहेत तर कॅमेऱ्यासमोर फोडू. हाच आपला शेवट!" तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सिनेमा दिसत होता.

पण फोडणार कोण? वाडीतली एकही सवाष्ण वरवंट्याला शिवेना. रंगरंगोटी करणारी बाईसुद्धा मागे सरली. तेव्हा आत्याच म्हणाली, "माझी भाची फोडेल." मग हळूच मला, "मागच्या वेळी चार परक्या बायकांनी धरून ठेवलं होतं. तू असलीस की बरं."

ऊद पेटला. बारा वाजता पडद्यावरची मध्यरात्र झाली. विहिरीच्या काठावर तिने हात ठेवले, पहिला माझ्यापुढे सरकवला. मी वरवंटा आपटला. काच उडाली, एक तुकडा तिच्या मनगटात शिरला. हात थरथरला, मूठ वळली आणि सावकाश उघडली. त्या थरथरीचं पुढे सगळ्यांनी कौतुक केलं, नायिकेचा केवढा अभिनय म्हणून. गुळाच्या पाकाची त्या दिवशी गरज लागली नाही.

सिनेमा डहाणूला लागला तेव्हा मी आत्याला घेऊन गेले. नको म्हणेल असं वाटलं होतं, पण ती धुतलेलं लुगडं नेसून तयार होती. सुरुवातीच्या पाट्यांत तिचं नाव नव्हतं. पहिल्यांदा तो हात दाराच्या चौकटीवर आला, बांगड्या किणकिणल्या आणि बायकांच्या बाजूला एकच किंकाळी उठली. पुढची बाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

आत्या माझ्या कानाशी वाकली. "आवाज माझ्या बांगड्यांचा नाही. त्यांनी मुंबईला दुसऱ्या कोणाच्या तरी वाजवल्या असतील." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण शोभतात गं. किती शोभतात."

लोक घाबरत होते, आणि ती आपला हात बघून घेत होती. समईवरचा, उशीवरचा, एकही चुकवला नाही तिने. विहिरीचा काठ दिसला तशी तिने माझं मनगट धरलं.

"ऊठ. पुढचं आपल्याला ठाऊक आहे."

आम्ही बाहेर आलो. दार लोटलं तेवढ्यात आतून काच फुटल्याचा आवाज आला, आणि मग टाळ्या. आत्याने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि स्टेशनाच्या दिशेने चालू लागली. तो शेवट मी अजून पाहिलेला नाही.