पाच तोळ्यांची खार

चारुशीला लेले पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पुडकं होतं आणि पाय एका जागी ठरत नव्हते. १९४३ च्या श्रावणातला बुधवार. सांगलीच्या पेठेतल्या एका लहानशा पोस्टात मी टपाल वजन करून घ्यायचो, तिकिटं विकायचो. रांगेत त्यांच्यापुढं दोघंच होते, पण तेवढ्यात त्या तीनदा दारापर्यंत जाऊन आल्या.

"हे पाचगणीला पाठवायचंय. सगळ्यात स्वस्त काय पडेल?"

वजन सात तोळे भरलं. पाकिटाचा दर तोळ्यागणिक चढतो, त्यामुळं पाकीट म्हणून पाठवणं म्हणजे चैन. पार्सलाला चाळीस तोळ्यांपर्यंत एकच दर, पण सात तोळ्यांसाठी चाळिसांचे पैसे कोण देणार? राहिलं बुकपोस्ट, म्हणजे पुस्तकांसाठीचं उघडं टपाल. पाच तोळ्यांपर्यंत सगळ्यात कमी तिकीट, पुढं थोडं थोडं वाढतं.

"मग बुकपोस्टच," त्या म्हणाल्या.

मी पुडकं सोडून पाहिलं. आत दोऱ्यानं शिवलेली आठ पानं. प्रत्येक पानावर सहा चौकटी, चौकटीत चित्र, आणि बोलणाऱ्याच्या तोंडातून ढग निघालेला. ढगात शब्द. असली पुस्तकं मी तोवर फक्त मिरज स्टेशनवर गोऱ्या सोजिरांच्या हातात पाहिली होती. ही मात्र हातानं काढलेली होती, आणि मराठीत.

"हे तर हातानं लिहिलेलं आहे," मी म्हणालो. "बुकपोस्टात पत्र चालत नाही."

"पत्र नाही. गोष्ट आहे."

"'आज जेवलीस का?' हे कुणाला विचारलंय?"

"खारीला."

"या पत्त्यावर खार राहते का?"

मागचा माणूस हसला. बाई हसल्या नाहीत. "दर आठवड्याला पाठवायचंय हो," त्या म्हणाल्या. "एकदाच असतं तर मी विचारलंही नसतं."

मी नियम सोडला नाही. त्यांनी पाकिटाची तिकिटं घेतली, चिकटवली, आणि पुडकं माझ्याकडं सरकवताना पत्त्याची बाजू खाली केली. त्या गेल्यावर शिक्का मारायला मी ते उलटलं. कुमारी उमा लेले. खाली पाचगणीच्या क्षयाच्या दवाखान्याचं नाव.

आमचा पोस्टमन गुंडा त्या आळीत टपाल वाटायचा. त्याला सहज विचारलं, तर म्हणाला, "मास्तरीण हायत त्या, पोरींच्या शाळंत चित्रं शिकवत्यात. धाकटी भन पाचगनीला इंग्रजी शाळंत ठेवलीया म्हनं."

दवाखान्याचं नाव मी त्याला सांगितलं नाही. पण ते पुडकं मला टोचत राहिलं. दुपारी खिडकी बंद झाल्यावर नियमांचं पुस्तक काढलं. छापील मजकूर चालेल, हे मला ठाऊक होतं. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पुस्तकाचं हस्तलिखित आणि चित्रंही चालतील, फक्त कुणा एका व्यक्तीला उद्देशून मजकूर नको. मी हे कधी वाचलंच नव्हतं. पुढचा सगळा आठवडा मी बुधवारची वाट पाहत होतो.

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो, आणि पुस्तक त्यांच्यापुढं धरलं. दोन्ही टोकं उघडी ठेवायची, म्हणजे पोस्टाला आत पाहता येईल. वर ठळक 'बुकपोस्ट' लिहायचं. आत उमाचं नाव नको, 'तुझी ताई' नको. आणि पाच तोळ्यांच्या आत बसवलंत तर सगळ्यात स्वस्त.

त्या दिवसापासून त्यांना पाच तोळ्यांचा ध्यास लागला. आधी पतंगाचा कागद आणून पाहिला, त्यावर शाई फुटली. मग समास कापले. शिवणीचा दोरा काढून खळीनं पानं चिकटवली, तर खळच जड झाली. शेजारच्या सोनाराकडं जाऊन पुडकं तोलून घ्यायच्या आणि तिथून तडक पोस्टात यायच्या. शेवटी कागद मिळाला तो माधवनगरच्या गिरणीत. त्यांचे वडील विष्णुपंत तिथं कारकून होते. कापडावरच्या नक्षीसाठी वापरतात तो पातळ कागद त्यांनी साहेबाला विचारून आणला. पहिल्यांदा काटा पाचाच्या आत थांबला तेव्हा बाई मोठ्यानं "हां!" म्हणाल्या, आणि रांगेतल्या सगळ्यांनी मान वळवली.

हळूहळू मला हकिगत कळली. आई क्षयानंच गेली होती. आता दहा वर्षांची उमा. दवाखान्यात तिला महिनोनमहिने पाठीवर निजवून ठेवलं होतं, हलायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलीकडं लष्करातल्या काकानं पाठवलेलं एक विलायती चित्रांचं पुस्तक होतं. ते पाहून उमानं कार्डावर लिहिलं: मला शब्दांची पत्रं नकोत, ढगातून बोलणारी पाठव. बाईंना तिथं जायची परवानगी नव्हती. लग्नाची मुलगी, तिनं त्या हवेत जायचं नाही, असं विष्णुपंतांचं म्हणणं. घरात क्षय आहे हे कळलं तर स्थळ येणार नाही, म्हणून इंग्रजी शाळेची कथा. मिरजेच्या एका घराशी बोलणं चाललंही होतं.

गोष्टीतली खार टपालाच्या पिशवीत लपून सांगलीहून निघाली होती. दर आठवड्याला एक स्टेशन. मिरजेला तिनं हमालाच्या डब्यातली भाकरी पळवली. भिलवडीला पिशवी चुकून खाली उतरली. ताकारी, शेणोली, कराड, मसूर. कुठं जायचंय हे ती कुणाला सांगत नव्हती, पण रोख पाचगणीकडं होता हे दवाखान्यातल्या मुलीला कळत असणारच. आत पाहणं हे माझं काम, म्हणून मी प्रत्येक भाग वाचायचो. खरं तर कामापेक्षा जरा जास्तच सावकाश वाचायचो.

दिवाळीनंतर टपाल अडलं. त्या वर्षी सातारा जिल्हा धुमसत होता. तारा तोडल्या जात होत्या, टपालाच्या पिशव्या लुटल्या जात होत्या, स्टेशनांवर पोलीस बसले होते. नर्सनं लिहिलेलं कार्ड आलं: उमा रोज विचारते, खार मसूरला का अडकली? ताप पुन्हा चढतो आहे.

बाईंनी दुसरं पुडकं टाकलं, तिसरं टाकलं. एकाचीही पोच नाही. आता त्या सकाळी शाळेआधी यायच्या आणि शाळा सुटल्यावर पुन्हा यायच्या. बसत नसत. खिडकी ते दार, दार ते खिडकी. त्यांच्या बोटांना शाई आणि कोळसा कायमचा लागलेला असायचा आणि माझ्या खिडकीच्या चौकटीवर त्यांच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. मलाही घास गोड लागेना. टपाल मी घेतलं होतं, शिक्का माझा होता, आणि ते कुठं गेलं हे मला सांगता येत नव्हतं.

"आवं बाई, बसा की जरा," गुंडा म्हणायचा. "थैली आली की मी पयल्यांदा तुमालाच सांगतो."

"बसून काय होणार?" त्या म्हणायच्या आणि चालत राहायच्या.

एका सोमवारी साताऱ्याहून आलेला एक फौजदार थेट आमच्या पोस्टात शिरला. त्यानं टेबलावर तीन पुडकी टाकली. तिन्ही खारीची.

"हे कुणी घेतलं?"

"मी," मी म्हणालो.

"टपालाची थैली, थैलीत लपलेला कुणीतरी, ओळीनं स्टेशनांची नावं, प्रत्येक स्टेशनावर किती पोलीस उभे आहेत त्याचं चित्र. आणि हे तुम्हाला पोरांचं पुस्तक वाटलं?"

तेवढ्यात शाळा सुटली आणि बाई नेहमीप्रमाणं आल्या. पुडकी पाहताच धावत टेबलाशी गेल्या. "माझी आहेत ही!"

"असं?" फौजदार म्हणाला. "मग ही खार कोण ते सांगा. पाचगणीला कुणाला निरोप जातो?"

पोस्टात तेव्हा दहाबारा माणसं असतील. त्यात शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मिरजेच्या त्या स्थळाचे एक नातेवाईकही मनिऑर्डर करायला आले होते, हे बाईंनाही दिसत होतं. त्यांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना निश्चल उभं राहिलेलं पाहिलं.

"माझी बहीण तिथं क्षयाच्या दवाखान्यात आहे," त्या स्पष्ट म्हणाल्या. "दहा वर्षांची आहे. सहा महिने पाठीवर निजून आहे. खार तिच्यासाठी आहे. आमची आई याच रोगानं गेली. पत्ता वर लिहिलाय, तार करून विचारा."

कुणीतरी दोन पावलं मागं सरकलं. ते मला ऐकू आलं.

"साहेब, मी प्रत्येक भाग वाचलाय," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "पहिल्यापासून सांगू का?" आणि मी सांगायला लागलो. हमालाची भाकरी, भिलवडीची चुकलेली थैली, कराडला खारीनं स्टेशनमास्तरच्या टोपीत काढलेली दुपार. फौजदार आधी चिडला, मग कंटाळला. शेवटी त्यानं तार करायला लावली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं उत्तर आलं आणि चौकशी मिटली. पुडकी मात्र त्यानं परत दिली नाहीत. चौकशीचे कागद म्हणून फायलीला लावली.

मिरजेचं बोलणं चार दिवसांत थांबलं. शाळेनं बाईंना महिनाभर येऊ नका म्हणून सांगितलं. विष्णुपंत गिरणीतून घरी येताना लांबच्या रस्त्यानं येऊ लागले.

बाईंनी तिन्ही भाग पुन्हा काढले आणि माझ्यासमोर ठेवले. "आता काय करायचं सांगा. बुकपोस्ट अडतं. रजिस्टर केलं तर?"

"त्याचे पैसे वेगळे पडतील. आणि उघडणारे रजिस्टरही उघडतात."

"पार्सल?"

"पार्सल सगळ्यांत उशिरा पोचेल."

त्यांनी पुडक्याकडं पाहिलं, बाहेर पाहिलं, पुन्हा पुडक्याकडं. "आता लपवायचं काय राहिलंय?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मीच नेते." आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेल्या. वाठारपर्यंत रेल्वे, पुढं कोळशाच्या वायूवर चालणारी मोटार. घाटात ती दोनदा बंद पडली, आणि दोन्ही वेळा बाई मोटारीत न थांबता चालत पुढं गेल्या, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

उमानं ताईला पाहिलं आणि आधी विचारलं, "खार कुठाय?" ताईच्या गळ्यात पडणं वगैरे काही नाही. बाईंना रडू आलं ते त्यावर. मग व्हरांड्यात, खाटांच्या मधोमध बसून त्यांनी तिथल्या तिथं पुढचा भाग काढायला घेतला. चौदा मुलं माना न हलवता डोळे वळवून पाहत होती. रहिमतपूरला खारीनं काय करावं यावर इतका गलका झाला की डॉक्टर आले. डॉक्टर रागावले, आणि मग तिथंच उभे राहून त्यांनीही चित्र पाहिलं. आठ दिवस बाई तिथं राहिल्या. ताप लगेच उतरला असं मी म्हणणार नाही. तो माघापर्यंत येत-जात राहिला, मग कमी झाला.

वरिष्ठांनी मला लेखी जाब विचारला. नियमाचा आकडा घालून मी उत्तर दिलं. शिक्षा झाली नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली उंब्रजला झाली. बाई तेव्हा शिळाछापाच्या मागं लागल्या होत्या. सांगलीतला एक म्हातारा छापखानेवाला त्यांना दगडावर उलटं लिहायला शिकवत होता. एकदा छापलं की ते उघडउघड बुकपोस्ट, कुणाला शंका घ्यायचं कारणच नाही. प्रती निघाल्या तशी बऱ्या होऊन घरी गेलेल्या मुलांकडंही पुडकी जाऊ लागली. उंब्रजच्या मळ्यातली विजयमाला त्यांतलीच. क्षयाच्या भीतीनं गावात तिच्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं. तिची आई साळूबाई पुडकं न्यायला स्वतः पोस्टात यायची.

"ह्येच्यात काय हाय ओ साहेब?" तिनं पहिल्यांदा विचारलं. "पोरगी लय हसती. घरात कवा हसनं नव्हतं."

मी दोन्ही उघड्या टोकांतून आत पाहायचो, नियमाप्रमाणं. बाईंची खुशाली त्यात असणं शक्य नव्हतं. तरीही पाहायचो.

१९४६ च्या वैशाखात उमा घरी आली. छातीची एक बाजू थोडी आत गेलेली, पण चालतीफिरती. त्याच महिन्यात दवाखान्यानं बाईंना कळवलं की निजून असलेल्या मुलांना शिकवायला कुणीतरी हवं आहे, राहायला खोली मिळेल. विष्णुपंत नको म्हणाले. पंधरा दिवस नको म्हणाले आणि मग ट्रंकेला स्वतः दोरी बांधून दिली. हे सगळं मला गुंडाच्या कार्डावरून कळलं. ते त्यानं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. गाडीचा दिवसही त्यात होता.

मी रजा काढून कराड स्टेशनवर गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, दोनदा मोडलं होतं, तिसऱ्यांदा ठरवलं होतं. गाडी दीड तास उशिरा आली. ती पुरती थांबायच्या आधीच बाई खाली उतरल्या आणि फलाटावर चालू लागल्या.

"तुम्ही इथं?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. मला एक सांगा, पाचगणीला शिळाछापाचा दगड न्यायचा तर रेल्वे पार्सल बरं की मोटारीवरून?"

मी म्हणालो, वाठारपर्यंत रेल्वे, पुढं घाटात मोटार, आणि दगडाला गवताची गादी करा. मग त्या शाईबद्दल बोलल्या. मग उमाबद्दल: घरात नुसती पळते, ऐकत नाही, तिला आता चित्रं नकोत, सायकल हवी. इंजिनात पाणी भरून झालं. शिट्टी झाली. त्या बोलता बोलता डब्याबरोबर चालू लागल्या आणि मग उडी मारून आत चढल्या.

"येत जा पाचगणीला," त्या खिडकीतून ओरडल्या.

मी हो म्हणालो, पण वाटेत ठरवलेलं बोलायचं राहूनच गेलं. गाडी गेली, तरी मी फलाटावर बराच वेळ येरझाऱ्या घालत होतो. परतीची मोटार संध्याकाळी होती.