सरांना दिलेला डी

सांगू की नको, असं झालंय. तुम्ही हसणार, आणि मला मात्र अजून हसू येत नाही!

मी भोपाळच्या एका हॉस्पिटलात मुलांची डॉक्टर. नोकरी कच्ची. कायम करायचं की नाही, ते आमच्या विभागप्रमुखांच्या हातात. आणि त्याच सरांनी मला काम दिलं: मुलांच्या जुलाबावरच्या उपचारांची जुनी गाईडलाइन नव्या अभ्यासांप्रमाणे सुधारायची.

म्हणजे काय, तर प्रत्येक सल्ल्यापुढे त्याच्या पुराव्याचा दर्जा लिहायचा. भक्कम अभ्यास असतील तर ए. नुसताच कुणा जाणत्याचा अनुभव असेल तर सगळ्यात खालचा, डी. मी आपली इमानेइतबारे लिहीत गेले. ओआरएस, ए. झिंक, ए. 'जुलाब थांबेपर्यंत दूध बंद', डी. मसुदा सरांना पाठवूनही दिला.

मग आठवलं. दूध बंद करायचा सल्ला सरांचाच की हो! तीस वर्षं ते आयांना हेच सांगताहेत. आणि मी त्याला चक्क डी दिला!

सरांचं उत्तर आलं, "कल मीटिंग में बात करते हैं." बस! एवढंच! तुम्हाला तरी जेवण गेलं असतं का?

अयोध्या नगरला घरी पोचले ती रडवेली होऊन. नवरा इंजिनिअर, साहेबलोकांत मुरलेला.

"अगं, साहेबाला कुणी नापास करतं का? अक्षर बदल आणि मोकळी हो!"

"अरे, पण पुरावा?"

"तुला कायम व्हायचंय ना?"

व्हायचं होतं हो! केला डीचा ए. आजारी बाळांचं दूध तुटेल, हे कळत होतं. तरी सकाळी मीटिंगच्या आधी नवा मसुदा पाठवला सगळ्यांना. लाज वाटते सांगायला.

मीटिंगमध्ये सरांनी चष्मा चढवला.

"मैडम, आपका कल वाला ड्राफ्ट पढ़ा. सारी स्टडीज़ भी पढ़ीं. आप सही हैं, मैं तीस साल से ग़लत बोल रहा था. दूध वाली बात काट दीजिए." मग त्यांनी नवा कागद उचलला. "लेकिन आज तो यहाँ ए लिखा है! एक दिन में कौन-सी स्टडी आ गई?"

"सर... टाइपिंग मिस्टेक."

"अच्छा? और आगे जो लिखा है, 'अत्यंत विश्वसनीय', वो भी?"

सगळी खोली हसली. मी सोडून!

मीटिंग संपल्यावर सरांनी मला थांबवलं. समोर माझीच फाईल.

"कल वाला ड्राफ्ट देखकर आज साइन करने वाला था. अब थोड़ा एविडेंस और चाहिए. छह महीने देखते हैं."

आणि फाईल खणात गेली. म्हणजे बघा, खरं लिहिलं तेव्हा मी पक्की झालेच होते. पक्की होण्यासाठी म्हणून खोटं लिहिलं!