मी तिला वाचायला शिकवलं

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या दिवसांतली गोष्ट. बुलढाण्यात एका दवाखान्याला लागून दाईंचा वर्ग चालायचा. सहा महिने शिकायचं, बाळंतपणं बघायची, करायची, मग परीक्षा. पास झालेल्या बाईला सर्टिफिकेट मिळायचं आणि नशीब असलं तर नोकरी. मी तिथे गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि विधवा होऊन मला सात वर्षं झाली होती.

मला कुणी कौतुकानं पाठवलं नव्हतं. जानेफळला मी दिराच्या घरी राहत होते. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न, पाट, लावत नसत, त्यामुळे मी जन्मभर तिथेच राहणार हे जावेला दिसत होतं आणि तिला ते सोसत नव्हतं. माझ्या उजव्या दंडावर तिच्या उलथण्याचा डाग आहे. चौथीपर्यंत शिकलेली बाई वर्गाला चालते असं दिराला कुणीतरी सांगितलं. गाडीत बसवताना तो म्हणाला, "शिकली तं पोट भरशील. नाई जमलं तं वापस ये, शेणाले हात लागतातच."

वर्गात आम्ही सहाजणी होतो. पाच आमच्या मुलखातल्या. सहावी मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली, जाफ्राबादेजवळच्या एका खेड्यातली. तेव्हा ते परकं राज्य. मधे नाका होता, तिकडचा पैसा वेगळा, कचेरीची भाषा वेगळी. ती मुसलमान होती, पस्तिशीची, अंगानं हाडकुळी. तिची आई सुईण, आजी सुईण. तिकडच्या एका जहागीरदाराच्या घरात बाळंतपणात सून दगावली. तेव्हा त्यानं हिला इंग्रजी हद्दीत शिकायला धाडलं. सर्टिफिकेट घेऊन परत आलीस तरच वाड्यात पाऊल टाक, नाहीतर टाकू नको, असं सांगून.

आम्ही तिला मोगलाईवाली म्हणायचो. तिच्या तोंडावर म्हणायचो. ती "व्हय" म्हणाली की पाचहीजणी एका सुरात "व्हय" म्हणायचो आणि हसायचो. आम्ही वऱ्हाडातल्या, पुण्याकडची माणसं आमच्या बोलण्याला हसतात हे आम्हाला माहीत होतं. म्हणूनच की काय, आम्हाला हसायला कुणीतरी मिळालं याचा आनंद फार होता. तिचा माठ वेगळा ठेवला होता. रक्ताची फडकी धुवायची पाळी सगळ्यांची होती, पण धुवायची तीच. एकदा तिनं विचारलं, "आज पाळी तुमची न्हाई का?" तर आमच्यातली एक म्हणाली, "तुह्या राज्यात पाळी असते का वं? इथं नसते." ती फडकी उचलून गेली.

शिकवणाऱ्या नर्सबाई नागपूरकडच्या होत्या. काम चोख, तोंड आणि हात दोन्ही कडक. पहिलंच बाळंतपण बघताना मला घेरी आली. मी भिंतीला टेकले आणि घसरत खाली बसले. बाळंतीण मोकळी झाल्यावर बाईंनी बाळामागून पडलेली वार असलेलं घमेलं माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "हे घेऊन बस. सवय होईल." जेवणाच्या आधीपासून दिवस कलेपर्यंत मी ओसरीवर ते घमेलं मांडीवर घेऊन बसले. माशा बसत होत्या. येणारेजाणारे बघत होते. बाकीच्या चौघी समोरच्या पायरीवर बसून भाकरी खात होत्या आणि मला बोलवत होत्या, "ये ना वं, जेवाले."

मोगलाईवाली आली आणि तिनं घमेल्यावर आपल्या पदराचं टोक टाकलं. माझ्याशेजारी बसली. बाई ओरडल्या तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला दवाखान्यामागच्या लिंबाखाली नेलं. चिंध्यांची एक बाहुली केली होती तिनं, डोकं, हात, पाय सगळं नीट. ती बाहुली पाण्याच्या जुन्या कातडी मशकीत कोंबली आणि मला म्हणाली, "डोळे झाक. हात घाल. सांग, डोकं कुठंय?"

"मले नाही कळत."

"कळतंय. घाई नको करू. टाच आणि कोपर यांत फरक हाय, तो बोटाला दिसतो."

रोज दुपारी तेच. ती बाहुली आडवी ठेवायची, पायाळू ठेवायची, नाळ म्हणून दोरी गळ्याभोवती गुंडाळायची, आणि मी डोळे मिटून मशकीत हात घालून सांगायची. महिन्याभरात माझ्या बोटांना दिसायला लागलं. पहिलं बाळ मी माझ्या हातानं घेतलं तेव्हा बाईंनासुद्धा त्यात खोट सापडली नाही. मी तिला आपा म्हणायला लागले. तिच्या माठातलं पाणी मात्र मी प्यायले नाही. तिनंही कधी पुढं केलं नाही.

तिला वाचता येत नव्हतं. थोडं उर्दू ओळखायची, तेही अडखळत. परीक्षेत बाटल्यांवरच्या मराठी चिठ्ठ्या वाचाव्या लागत. तिनं मला म्हटलं, "तुझ्या हाताचं मी बघितलं, आता माझ्या डोळ्यांचं तू बघ." मी हो म्हटलं. पाटीवर अक्षरं काढून द्यायला लागले. चांगली चालली होती ती. क, ग, म, ल तिला यायला लागले होते. स्वतःचं नाव लिहिता आलं त्या दिवशी तिनं पाटी दिवसभर पुसली नाही.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा नर्सबाईंनी आम्हाला ओळीत उभं केलं. चिखलीला बोर्डाच्या दवाखान्यात दाईची जागा निघाली आहे, राहायला खोली आहे, असं त्या म्हणाल्या. "परीक्षेत जी पहिली येईल तिचं नाव मी कळवणार आहे." मग आपाकडे बघून म्हणाल्या, "खरं म्हणजे बघायलाच नको. हिच्यासारखा हात कुणाचाच नाही. मोगलाईतली असली म्हणून काय झालं? बाळंतिणीला हद्द नसते."

आपा लाजली. मला त्या वाक्यासरशी जानेफळचं दार दिसलं.

दुसरा नंबर माझा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या नंबराला जागा नव्हती. आपाला निदान तिचं गाव होतं, तिचं काम होतं, असं मी स्वतःला समजावत होते. ती चिखलीची जागा घेईल की परत जाईल हेही मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ती म्हणाली असती, मला नको, तू घे. हे मला तेव्हाही सुचलं होतं. ती तसं म्हणाली असती तर आयुष्यभर तिचे उपकार राहिले असते, आणि ते मला नको होतं. मला जागा हवी होती, आणि ती तिच्याकडून नको होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाटी आणली नाही. तिला म्हटलं, "आपा, अक्षरं शिकत बसली तं परीक्षा निघून जाईल. बाटल्या चारच असतात. चिठ्ठ्यांचा आकारच पाठ कर." आणि मी चार चिठ्ठ्या लिहून दिल्या. पोटात घेण्याचे. डोळ्यांत घालण्याचे. जखम धुण्याचे. विष.

पहिली आणि शेवटची मी तिला बरोबर सांगितली. मधल्या दोन उलट सांगितल्या. नवीन जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांत थेंब घालायचे असतात, ते औषध वेगळं. जखम धुण्याचं कार्बोलिक असायचं, जळजळीत. दवाखान्यात बाटल्या बाईंच्या कुलपात असत, थेंब त्या स्वतः घालत, आम्हाला हात लावायची मुभा नव्हती. त्यामुळे खरं काय ते परीक्षेच्या टेबलाशिवाय तिला कुठेच कळणार नव्हतं. हा विचार मी करून ठेवला होता.

ती फार मेहनती. तीन आठवडे ती चार चिठ्ठ्या पदराला बांधून हिंडली. भाकरी थापताना म्हणायची, फडकी धुताना म्हणायची. मला विचारायची, "ही डोळ्याची ना?" आणि मी चिठ्ठी बघून म्हणायची, "हो, डोळ्याची." रोज म्हणायची. एकदा तिला शंका आली. म्हणाली, "ह्यात तू शिकवलेला म दिसतोय. डोळ्यात म कुठून आला?" मी म्हटलं, "मराठी लिहिताना येतो तसा." तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता आणि मराठीवर नव्हता.

परीक्षेला बाहेरगावचे मोठे डॉक्टर आले. आम्ही सगळ्या ओळीत बसलो होतो, एकेकीला टेबलापाशी बोलवत होते. आपाला तोंडी प्रश्न विचारले तेव्हा डॉक्टर दोनदा नर्सबाईंकडे बघून हसले, खूश होऊन. पायाळू मूल कसं काढशील हे तिनं हातवारे करून असं दाखवलं की ते खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी बाटल्यांकडे बोट केलं. "बाळाच्या डोळ्यांत काय घालशील?"

तिनं जराही न थांबता कार्बोलिकची बाटली उचलली.

"वाच."

"डोळ्यांत घालण्याचे," ती म्हणाली. मोठ्यानं आणि स्पष्ट.

डॉक्टरांनी बाटली तिच्या हातातून घेतली आणि बूच काढून तिच्या नाकाशी धरली. "हे? हे घालशील?" ती वासानं मागे सरली. तिचे ओठ चिठ्ठीकडे बघून हलत होते. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. जशी रोज बघायची तशी, मी सांगेन म्हणून. मी खाली बघितलं.

डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "ही बाई पास झाली तर गावोगाव आंधळी पोरं भीक मागतील. तुमच्या तिकडे बाळाच्या डोळ्यांत राख घालतात ना? मग तिकडेच जा, राख घाला." चौघीजणी हसल्या. नर्सबाईंनी तिच्या नावावर काट मारली आणि म्हणाल्या, "मी हिच्यासाठी शब्द टाकला होता. माझं तोंड काळं केलंस." त्या संध्याकाळी तिला दवाखान्याच्या आवारात थांबू दिलं नाही. बोचकं घेऊन ती फाटकाशी उभी होती, गाडीची वाट बघत. मी भेटायला गेले नाही. खिडकीतून बघितलं.

पहिली मी आले.

चिखलीची खोली चांगली होती. दाराला आतून कडी होती. आतून कडी असलेल्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा झोपले, आणि छान झोपले. लोकांना वाटतं असं काही केल्यावर झोप लागत नाही. तसं नसतं.

माझं नाव झालं. कापसाच्या व्यापाऱ्यांच्या घरून गाडी यायची, तांड्यावरूनही यायची. आडवं मूल फिरवणारी बाई म्हणून लांबून लोक विचारत येत. "कुठं शिकल्या?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, बुलढाण्याला.

सहा-सात वर्षांनी एका बाजाराच्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. तिच्या गावचे लोक सरकी विकायला चिखलीला आले होते, त्यांच्या गाडीत बसून आली होती. पार म्हातारी दिसत होती. मला बघून तिनं माझे दोन्ही हात धरले आणि उलटसुलट करून बघितले.

"लोक सांगतात तुझं. मी म्हणते, माझ्या शेजारी बसून शिकली ती."

मी तिला बसवलं, चहा केला. काय बोलावं कळेना म्हणून विचारलं, "काम कसं चाललंय, आपा?"

"सोडलं," ती म्हणाली. "परत गेले त्या दिवशीच सोडलं. जहागीरदारानं दार बंद केलं ते वेगळं. पण माझाच हात पुढं होईना. वाटायचं, आपल्याला उलटंसुलटं कळतंय. डोक्यात काही फिरलंय. तिथं बाटलीत चुकले, इथं लेकरात चुकले तर?"

मी कप धुवायच्या निमित्तानं उठले.

ती पाठीमागून बोलत राहिली, सावकाश, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं. "बहिणीची पोर बाळंतपणाला आली होती. लेकरू आडवं होतं. मला दिसत होतं गं, पोटावरूनच दिसत होतं. सगळे म्हणाले, खाला, मावशी, हात घाल. मी म्हणाले, नापास बाईनं हात घालू नये. जालन्याच्या दवाखान्यात न्या, असं मीच म्हणाले. गाडी जुंपली. वाटेतच गेली. दोघंही."

मग तिनं विचारलं, "तू एवढं शिकवलं होतंस. रोज विचारायची मी तुला. मग चुकले कशी?"

मी वळून तिच्याकडे बघितलं. ती खरंच विचारत होती. सांगायला एक वाक्य पुरे होतं. दार लोटलेलं होतं, तिसरं कुणी नव्हतं.

"घाबरली असशील," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "घाबरलेच असेन." आणि तिला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. जाताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली.

पुढे मोगलाई गेली, नाका उठला. जाफ्राबादेकडच्या बाळंतिणी माझ्याकडे सरळ यायला लागल्या. सुरुवातीला मी विचारायची, अमक्या गावची, सुईणपण सोडलेली बाई आहे का? आहे, म्हणायच्या, ओट्यावर बसून असते, बोलत नाही फारशी. चिखलीहून सकाळी निघालं तर दिवस मावळायच्या आत तिथे पोचता आलं असतं. मी गेले नाही. नंतर मी विचारणंही सोडून दिलं.