आप्पांचं निर्धोक ड्रायव्हिंग

कॅनडात माझ्या कारखान्यापर्यंत बस जात नव्हती, तेव्हा नोकरी टिकवायची तर गाडी हवीच होती. जुनी गाडी स्वस्तात मिळाली, पण वर्षाचा विमा तिच्या किमतीहून महाग निघाला. विमा कंपनीच्या फोनवरच्या बाईंच्या लेखी मी नवशिका चालक होतो. खरं तर गावाकडे न्हावऱ्याहून दौंडला उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत मी बारा वर्षं गाडी चालवली होती. "तिकडच्या कंपनीचं पत्र आणा, एकही क्लेम नसेल तर निम्म्यात होईल," त्या म्हणाल्या.

शिरूरचा विमा एजंट तीन आठवडे 'उद्या देतो' म्हणत राहिला. अखेर पत्र आलं. गोल शिक्का, दोन सह्या, बारा वर्षांत एकही क्लेम नाही. पण नाव माझ्या वडिलांचं, आप्पांचं. आमच्याकडे गाडी कुणीही घेवो, मानाने नाव वडीलधाऱ्यांचंच लागतं. सायकलखेरीज आप्पांनी आयुष्यात काही चालवलेलं नाही.

विम्याच्या बाईंनी पत्र नाकारलं. मी चिडून घरी फोन केला.

"आप्पा, गाडी तुमच्या नावावर हाय म्हणून मला सवलत मिळंना."

"मग? बारा वर्षांत मी कुठं ठोकली का?"

"तुम्ही चालवलीच कवा?"

"म्हणून तर ठोकली न्हाई. लईच महाग पडत असंल तर मला बोलाव तिकडं. इम्याला मी स्वस्त पडंन."

कंपनीच्या हिशेबाने त्यांचं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मी नवशिक्याचा पूर्ण हप्ता भरला आणि कामावर गेलो.